आवाजाच्या अवजाराचा सातबारा

(सोलापूर येथील नवी पेठेत कार्यकर्त्यांच्या बैठकीपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या पेठेत ही बैठक भरली आहे, तेथे कापड विकले जाते. ते विणले जाते शहराच्या पूर्व भागातील मागांवर. नवी पेठेत चादर घेणाऱ्या गिऱ्हाइकाने विणकामाची चौकशी केली नाही, तरी त्याचे काही अडत नाही. कामगार चळवळीला मात्र ही मुभा नाही. माल कोण बनवतो आणि ज्या साधनाने बनवतो ते कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न विचारण्यासाठीच ती जन्माला आली. गेल्या काही वर्षांत ह्या चळवळीच्या हाती एक नवे साधन आले आहे. सभेतील भाषण, कलापथकाचे गाणे, विडी कामगार स्त्रीने सांगितलेली हकिकत, अंध विद्यार्थ्यासाठी वाचून ठेवलेले पुस्तक, ह्या सर्वांचे ध्वनिमुद्रण आता संगणकावर होते. ज्या आज्ञावलीने, म्हणजे ज्याला सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात त्याने, हा आवाज साठवला, कापला आणि जोडला जातो, तिचा धनी कोण, हा प्रश्न मात्र चळवळीत क्वचितच विचारला जातो. तो विचारलाच पाहिजे.

प्रत्येक आज्ञावलीची दोन रूपे असतात. सोलापूरकरांना ती समजावून सांगणे अवघड नाही. जॅकार्डच्या मागावर चादरीची नक्षी उठते ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांमुळे. ती भोके मागाला कळतात. माणूस मात्र नक्षी काढतो चौकटीच्या कागदावर. त्या कागदावरून पुठ्ठे पाडले जातात आणि मग माग चालतो. संगणकाचेही तसेच आहे. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, हा नक्षीचा कागद. तिच्यावरून यंत्राला कळणारे रूप तयार करणे ह्याला ‘कंपाइल करणे’ म्हणतात. ते झाले पुठ्ठे पाडणे. हे साम्य केवळ उपमेपुरते नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज ह्याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना जॅकार्डच्या मागावरूनच घेतली होती.

आता असा मालक कल्पावा की जो विणकराला फक्त पुठ्ठे देतो, नक्षीचा कागद कुलपात ठेवतो आणि पुठ्ठा फाटला तर दुरुस्तीलाही बंदी करतो. बाजारातील बहुसंख्य आज्ञावल्यांचा व्यवहार असाच आहे. त्यातही पूर्वी एकदा पैसे मोजले की वस्तू घरात राही. २०१३ साली अडोबी ह्या अमेरिकन कंपनीने जाहीर केले की, तिच्या चित्र-ध्वनीच्या आज्ञावल्यांच्या पुढील आवृत्त्या केवळ वर्गणीनेच मिळतील. वर्गणी थांबली की अवजार बंद. शेतकऱ्यांच्या चळवळीला ह्या व्यवहाराचे नाव ठाऊक आहे: त्याला खंड म्हणतात.

ह्या खंडकरी व्यवस्थेला आव्हान उभे राहिले ते १९८३ साली. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी त्या वर्षी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली ‘जनरल पब्लिक लायसेन्स’ हा परवाना सिद्ध झाला. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरावी, तिची मूळ संहिता वाचावी व बदलावी, तिच्या प्रती इतरांना द्याव्यात आणि केलेली सुधारणाही वाटावी, असे चार हक्क हा परवाना देतो. त्यात एक अटही आहे: सुधारलेली प्रत दुसऱ्याला देणाऱ्याने तेच हक्क पुढच्याला दिले पाहिजेत. सामायिक कुरणाला कोणी एकट्याने कुंपण घालू नये, एवढाच त्या अटीचा अर्थ.

परंतु हक्क कागदावर येणे आणि हक्क हाती येणे ह्यांतील अंतर महाराष्ट्राने पाहिले आहे. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्यातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे कृषकदिनी, कूळ जमिनीचे मालक मानले गेले. तरीही जे कूळ चौकशीच्या वेळी हजर राहिले नाही, किंवा ज्याच्याकडून दबावाने ‘जमीन नको’ असे वदवून घेण्यात आले, त्याच्या हातून जमीन गेली. कायदा होता, कब्जा नव्हता. मुक्त आज्ञावलीच्या बाबतीत मूळ संहिता उतरवून घेऊन ती स्वतःच्या संगणकावर कंपाइल करणे, हे कब्जा घेण्यासारखे आहे. ज्या गावात हे करू शकणारे चार जणही नाहीत, त्या गावात तो परवाना म्हणजे सातबाऱ्यावर न चढलेले नाव होय.

हे काम गूढ नाही, मात्र चिकाटीचे आहे. प्रथम मूळ संहितेचा गठ्ठा अधिकृत ठिकाणाहून घ्यावा आणि तो वाटेत बदललेला नाही ह्याची प्रसिद्ध केलेल्या अंकाशी ताडून खात्री करावी. मग त्यातील ‘रीडमी’ किंवा ‘इन्स्टॉल’ ही टिपणे वाचावीत. पुष्कळसे अपयश ही टिपणे न वाचल्यामुळे पदरी पडते. त्यानंतर ‘कॉन्फिगर’ किंवा ‘सीमेक’ ही आज्ञा संगणकाची झडती घेते आणि लागणारे पूरक भाग आहेत की नाहीत ते सांगते. येथेच नवखा अडखळतो. ध्वनीचे पूरक भाग संगणकावर असतात, तरीही ‘सापडले नाहीत’ असा निरोप येतो. डेबियन किंवा उबुंटूसारख्या प्रणालींत बांधणीसाठी लागणाऱ्या फायली ‘डेव्ह’ असे शेपूट असलेल्या वेगळ्या गठ्ठ्यात ठेवलेल्या असतात, हे त्याचे सामान्य कारण. तो गठ्ठा बसवला की अडथळा दूर होतो. पुढे ‘मेक’ ह्या आज्ञेने बांधणी होते आणि ‘मेक इन्स्टॉल’ने तयार आज्ञावली आपल्या जागी बसते. जुनी तयार प्रत आणि नवी स्वतः बांधलेली प्रत एकाच वेळी राहिल्यास गोंधळ होतो, हेही लक्षात ठेवावे लागते. चुकीच्या निरोपांच्या लांबलचक यादीत पहिली चूक शोधावी. पुढच्या बहुतेक तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

मूळ संहितेचे हे महत्त्व ध्वनीच्या क्षेत्रातच फार स्पष्ट दिसले. ‘एमपी-थ्री’ ह्या ध्वनिपद्धतीवर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था आणि इतरांची पेटंटे होती. ती पद्धत वापरून ध्वनिफीत तयार करणारी आज्ञावली वाटणाऱ्यांकडे १९९८ साली परवानाशुल्काची मागणी झाली. त्याच सुमारास सुरू झालेल्या ‘लेम’ ह्या मुक्त प्रकल्पाने तयार आज्ञावली न वाटता केवळ मूळ संहिता प्रसिद्ध करण्याचा मार्ग धरला. ज्याला हवी त्याने ती स्वतः बांधावी. अमेरिकेतील ती पेटंटे २०१७ साली संपली. जवळजवळ दोन दशके पेटंटाची भिंत उभी होती आणि त्या काळात कंपाइल करण्याचे ज्ञान हाच तिच्यातला दरवाजा होता.

भारतातही अशी भिंत उभी राहण्याच्या बेतात होती. डिसेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या पेटंटविषयक अध्यादेशात संगणक आज्ञावल्यांच्या काही प्रकारांना पेटंट देण्याची वाट मोकळी करण्यात आली होती. संसदेत डाव्या पक्षांचा विरोध आणि संसदेबाहेर मुक्त आज्ञावलीच्या कार्यकर्त्यांचा आग्रह ह्यांमुळे २००५ च्या कायद्यातून ते कलम वगळावे लागले. औषधांच्या किमतीवरील लढा लोकांच्या स्मरणात राहिला. त्याच कायद्यातील हा दुसरा विजय मात्र चळवळीने स्वतःच्या खात्यावरही नीट मांडलेला नाही.

दुसरे उदाहरण ‘ऑडॅसिटी’चे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग ह्यांनी सुरू केलेली ही मुक्त आज्ञावली आज जगभर ध्वनिसंपादनासाठी वापरली जाते. २०२१ साली ‘म्यूज ग्रुप’ ह्या कंपनीने ती ताब्यात घेतली. वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा वापरणाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या गोपनीयतेच्या नियमांवरही वाद झाला आणि काही जणांनी मूळ संहितेवरून स्वतंत्र शाखा काढल्या. ह्या प्रकरणाचा धडा स्पष्ट आहे. कंपनीने नाव घेतले, बोधचिन्ह घेतले. पण परवान्यामुळे संहिता तिला कुलपात घालता आली नाही. स्वतः बांधणी करणाऱ्याला आंतरजालाशी संपर्क साधणारा भाग वगळूनही ती बांधता येते. मालक बदलला तरी कुळाचा हक्क टिकला, कारण कब्जा सोडला गेला नव्हता.

ह्या सर्वांहून सोलापूरला जवळचा प्रश्न भाषेचा आहे. ह्या शहरात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू ह्या चारही भाषा घरांत बोलल्या जातात. ज्यांची क्रयशक्ती कमी, त्यांच्या भाषेत संगणकाला बोलते करण्यात बाजाराला उत्साह नसतो. ‘ई-स्पीक एनजी’ ही लिहिलेला मजकूर वाचून दाखवणारी मुक्त आज्ञावली मात्र ह्या चारही भाषा बोलते. तिचा आवाज यांत्रिक आहे, गोड नाही. पण ती अगदी साध्या संगणकावर चालते. अंधांसाठीच्या ‘एनव्हीडीए’ ह्या विनामूल्य पडदावाचकात ती अंतर्भूत आहे, आणि तो पडदावाचक २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन ह्या अंध तरुणानेच लिहावयास घेतला.

मराठीत ‘च’ एकच लिहितात, पण ‘चहा’तला ‘च’ वेगळा आणि ‘चाक’ातला वेगळा. ‘जग’ आणि ‘जाड’ ह्यांचेही तेच. हा भेद लिपीत दिसत नाही. तो मराठी माणसाच्या कानात असतो. बंदिस्त आज्ञावली चुकीचा उच्चार करू लागली, तर कंपनीला विनंतीपत्र लिहून वाट पाहावी लागते. ई-स्पीकमध्ये मराठीच्या उच्चारांचे नियम आणि अपवादांची यादी साध्या मजकुराच्या फायलींत आहेत. अपवादाच्या यादीत शब्द आणि त्याचा उच्चार लिहावा, तो कोश पुन्हा कंपाइल करावा आणि कानाने पडताळून पाहावे. ह्या कामाला अभियांत्रिकीच्या पदवीपेक्षा मराठीच्या शिक्षकाचा कान अधिक उपयोगी पडतो. ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवली आणि तेथे स्वीकारली गेली, की सोलापुरात सुधारलेला शब्द सिंधुदुर्गातील अंध मुलगीही शुद्ध ऐकते.

ह्यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की, तयार प्रत फुकट मिळत असताना बांधण्याचा खटाटोप कशाला? प्रत्येकाने तो करावा असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक कामगार औद्योगिक न्यायालयात उभा राहत नाही. पण युनियनमध्ये कायदा जाणणारा माणूस असावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: फुकट वाटण्याने ती लिहिणाऱ्याच्या श्रमाचे शोषण होत नाही काय? होऊ शकते. स्वयंसेवकांनी लिहिलेल्या संहितेवर मोठ्या कंपन्या नफा मिळवतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘आर्डर’ ह्या ध्वनिमुद्रणाच्या आज्ञावलीने त्यावर एक मार्ग काढला आहे. तिची मूळ संहिता सर्वांना विनामूल्य खुली आहे. तयार बांधलेली प्रत हवी असेल तर मात्र पैसे द्यावे लागतात. येथे दाम मागितला जातो तो बांधणीच्या आणि देखभालीच्या श्रमाचा. मजुरी आणि खंड ह्यांतील हा फरक समाजवाद्यांना तरी पटावा. तिसरा मुद्दा भाबडेपणाविरुद्धचा आहे. केन थॉम्प्सन ह्या संगणकशास्त्रज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात दाखवून दिले की, संहिता स्वच्छ असली तरी ती कंपाइल करणारी आज्ञावलीच खोट आणू शकते. म्हणून उघडी संहिता ही विश्वासाची सुरुवात आहे, शेवट नव्हे. अनेकांनी स्वतंत्रपणे बांधून परस्परांशी ताडून पाहणे हाच त्यावरचा उपाय आहे आणि तो सामूहिक आहे.

डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनी १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला. भांडवलशाही आणि साम्यवाद ह्या दोघांनीही अवाढव्य यंत्र गृहीत धरले, दरिद्री देशाला मात्र थोड्या भांडवलात चालणारे आणि माणसाच्या आवाक्यात राहणारे यंत्र हवे, हे त्यांचे प्रतिपादन होते. जुना संगणक, त्यावर स्वतः बांधलेली आज्ञावली आणि ती दुरुस्त करू शकणारी चार माणसे, ह्या जुळणीत त्या विचाराचे आजचे रूप दिसते. लोहियांनी भाषेच्या प्रश्नावर जो आग्रह धरला तोही येथे लागू आहे. बांधणीच्या सूचना इंग्रजीत आहेत म्हणून कामगाराचा मुलगा मागे फिरणार असेल, तर ती अडचण बुद्धीची नाही, भाषेची आहे. मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ ह्या उपक्रमाने मुक्त आज्ञावल्यांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले आहेत. म्हणजे हे काम होण्यासारखे आहे, आणि त्याची सुरुवातही झालेली आहे.

तेव्हा कार्यक्रम काय? प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात एक जुना संगणक ह्या कामासाठी राखून ठेवावा. आठवड्यातून एक संध्याकाळ विद्यार्थी, शिक्षक आणि कामगारांनी एकत्र बसून एक आज्ञावली मूळ संहितेपासून बांधावी. जेथे अडेल तेथील अडथळा आणि उपाय मराठीत लिहून ठेवावा; सोलापुरात तो तेलुगू आणि कानडीतही लिहावा. उच्चारांची एक यादी मराठीच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावी. बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेखांचा हा जिल्हा आहे. येथील जुन्या कामगारांच्या आठवणी आणि स्त्रियांच्या ओव्या, त्या म्हणणारे गळे आहेत तोवर, खुल्या पद्धतीत मुद्रित कराव्यात, म्हणजे एखाद्या कंपनीने दुकान बंद केले तरी त्या ऐकता येतील. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ ह्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा त्यांच्यामागे सत्ता नव्हती; गावोगावच्या बायकांचा विश्वास होता.

गरिबाचा आवाज आजवर दुसऱ्याच्या अवजाराने मुद्रित झाला आणि दुसऱ्याच्या कपाटात राहिला. अवजार घडवण्याची संहिता आता उघडी पडलेली आहे. ती उचलून घेण्याला सरकारी आदेश लागत नाही की भांडवल लागत नाही. शिकण्याची तयारी असलेली चार माणसे लागतात. ती माणसे ह्या बैठकीतून उठली पाहिजेत.