जठरातील जागल्याची हाक



पोटातील जळजळ, जेवणानंतरचा जडपणा, रात्री-अपरात्री उठणारी कळ यांना ‘पित्त’ म्हणून अंगावर काढण्याची रीत फार जुनी आहे. वैद्यकशास्त्रानेही जठरव्रणाचे मूळ दीर्घकाळ चिंतेत आणि अम्लातच शोधले. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी रुग्णांच्या जठरातील एक मळसूत्री जंतू प्रयोगशाळेत वाढविला. शंका फिटेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतःच प्राशन केला. थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला दाह झाला. त्या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. २००५ साली उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू अमोनिया निर्माण करून जठरातील अम्लापासून बचाव करतो. तो अंतस्त्वचेला चिकटताच तेथील पेशी ‘इंटरल्यूकिन-८’ हे प्रथिन स्रवतात. गावात चोर शिरताच जागल्याने हाक द्यावी, तसे हे प्रथिन होय. हाकेसरशी रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. परंतु जंतू श्लेष्माच्या थरात दडलेला असतो. चोर सापडत नाही, हाक थांबत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या धावपळीत गावाचीच कुंपणे तुडविली जातात. बहुतेकांना याचा त्रास जाणवत नाही; काहींना मात्र व्रण होतो, तर थोड्यांच्या बाबतीत पुढे कर्करोग उद्भवतो. ‘इंटरल्यूकिन-१ बीटा’ हे असेच दुसरे प्रथिन अम्लस्राव रोखते. त्याच्याशी निगडित विशिष्ट आनुवंशिक भेद असणाऱ्यांत कर्करोगाचा धोका अधिक असल्याचे २००० साली स्कॉटलंड व पोलंडमधील रुग्णांच्या अभ्यासातून दिसून आले.

दाह आहे म्हणून मनानेच वेदनाशामक गोळ्या घेणे येथे घातक ठरते. त्यांतील अनेक गोळ्या स्वतःच व्रण निर्माण करतात. अम्लनाशक औषधाने कळ शमते, जंतू मात्र तसाच राहतो. तपासणीत जंतू आढळल्यास अम्लरोधक औषधासह प्रतिजैविके बहुधा चौदा दिवस घ्यावी लागतात. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून ती सोडल्यास उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. काळा शौच, रक्ताची उलटी किंवा अकारण घटणारे वजन दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

हा संसर्ग बहुधा बालपणीच जडतो. म्हणूनच शुद्ध पाणी, शौचालय व हात धुण्याची सवय यांकडे पंचायतीने आणि शाळेने लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. जागल्याचे तोंड दाबून गाव निर्धास्त होत नाही. त्यासाठी चोरच बाहेर काढावा लागतो.