जुन्या गाडीचे नवे भाग



या व्यासपीठावर तत्त्वज्ञानावर आणि साहित्यावर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज एका बॉनेटविषयी बोलणार आहोत. विषय क्षुद्र वाटेल. पण जुनी मोटार पुन्हा उभी करण्याच्या नादात ज्यांनी चार पैसे घालविले आहेत, त्यांना तो तसा वाटणार नाही.

एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीस बिनबोभाट बसतो, हे आपण गृहीत धरतो. मोटारीच्या आरंभकाळी तसे नव्हते. प्रत्येक भाग कारागिराने कानशीने घासून त्या त्या गाडीपुरता जुळविलेला असे. म्हणूनच १९०८ साली इंग्लंडात ब्रुकलंड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पार सुट्या करून, त्यांचे भाग एकमेकांत मिसळून, त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या आणि त्या ५०० मैल धावल्या, तेव्हा लोक चकित झाले. त्या पराक्रमाबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली.

जुन्या गाडीचा धनी त्या १९०८ च्या अलीकडच्या तीरावरून पुन्हा पलीकडे जातो! आमची गाडी पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० च्या घराण्यातून निघालेली आणि १९७४ पासून या नावाने ओळखली गेलेली. कारखान्यातील उत्पादन केव्हाच थांबले. मुंबईतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता मिळणारे पुष्कळसे भाग कोणा लहान कारखानदाराने जुना भाग समोर ठेवून केलेले असतात. तो नमुनाच झिजलेला वा वाकलेला असला, तर त्याचे व्यंगही नव्या मालात उतरते. मूळ साच्यांवाचून ठोकलेला पत्रा दाब काढताच थोडा मागे सरतो, आणि कडेची गोलाई बिघडते.

आम्ही असेच एक नवे बॉनेट आणले. डाव्या बाजूस करंगळी जाईल एवढी फट, उजवीकडे रंग खरवडला जाई. आम्ही दुकानदारास मनसोक्त दोष दिला, डेंटरला बोलाविले आणि उजवी कड ठोकून आत घेतली. एवढ्यावर न थांबता जुने गंजके बॉनेट भंगारवाल्यास दिले. पुढे एका वृद्ध मिस्त्रीने साधी दोरी घेऊन गाडीच्या नाकाचे दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे नव्हते! पूर्वी कधीतरी बसलेल्या धडकेने गाडीचे नाकच एका अंगाला गेले होते. बॉनेट निर्दोष होते. आम्ही ते बिघडविले, आणि ताडून पाहण्यास जुनेही उरले नाही. नाक सरळ केल्यावर फट उजवीकडे आली.

तेव्हापासून जुना भाग शेवटचा रंग वाळेपर्यंत आम्ही घराबाहेर जाऊ देत नाही. पत्र्याचे सारे भाग रंगाआधी, गाडी चाकांवर उभी असताना, बोल्ट सैल ठेवून एकदा लावून पाहतो. दार लागत नसेल तर बिजागरीला हात लावण्यापूर्वी नवे रबर काढून दार लावून बघतो; पुष्कळदा जाड, ताठ रबरच आडवे आलेले असते.

परंतु घासून जुळविणे सर्वत्र चालत नाही. पिस्टनची रिंग घ्या. पद्मिनीच्या सिलिंडरचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर. रिंग त्यात सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने मोजतात. ती साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. कमी असेल तर तापल्यावर टोके एकमेकांस भिडतात, रिंग मोडते, सिलिंडरवर ओरखडे पडतात. अशी रिंग कानशीने थोडी घासता येते. फट अधिक असेल तर मात्र उपाय नाही, रिंग परत करावी.

आणि ब्रेक? चाकाच्या सिलिंडरातील रबरी वाटी किंचित सैल असली तर तेल झिरपते, घट्ट असली तर ब्रेक सुटत नाही. कोणी म्हणेल, “चालवून तर बघा, बसेल आपोआप.” येथे आम्ही वाद घालीत नाही. वाटी कात्रीने दोन तुकडे करून टाकतो, म्हणजे ती पुन्हा चुकून कोणाच्या हाती लागत नाही. स्टिअरिंगच्या सांध्याचेही तेच. बॉनेटची वाकडी फट पाहून शेजारी हसतील, एवढेच. आमच्या बॉनेटच्या उजव्या बाजूला ती आजही आहे. करंगळी अजून जाते.