अक्षरांत ठेवलेली चाल
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात बडोदे येथे केलेले भाषण)



 विषय लहानसाच आहे : आपल्या शाळेची प्रार्थना हरवता हरवता कशी वाचली.

ही प्रार्थना शाळेच्या बँडवर वाजते. जुन्या बँडमास्तरांनी तिची स्वरलिपी पाच रेघांच्या पाश्चात्त्य पद्धतीने हाताने लिहिली होती. कागद घडीवर विरू लागले, तेव्हा आम्ही ती संगणकावर उतरवून घेतली आणि निर्धास्त झालो. पुढे संगणक बदलला, जुना प्रोग्रॅम चालेना आणि फाईल उघडेना. मूळ कागद पाहावेत, तर क्लॅरिनेटचे पान गहाळ! दोष आमचाच. ठेव आपली आणि किल्ली दुसऱ्याकडे, असा तो व्यवहार झाला होता.

मग आमच्या एका माजी विद्यार्थ्याने 'लिलीपाँड' दाखविला. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवनहाउझन या दोन डच वादकांनी १९९६ साली या प्रोग्रॅमचे काम आरंभिले. तो कोणासही विनामूल्य मिळतो. यात पडद्यावर चित्रे ओढावयाची नसतात. साधी अक्षरे लिहावयाची. सी, डी, ई, एफ हे स्वर. अक्षरापुढे ४ लिहिले तर एक मात्रा धरावी. मग ८ म्हणजे अर्धी आणि २ म्हणजे दोन. स्वल्पविराम दिला की स्वर एक सप्तक खाली जातो. रेघा, स्वरांमधील अंतर, पानाची मांडणी हे सारे प्रोग्रॅम पाहतो. धातूच्या पत्र्यावर ठसे ठोकून स्वरलिपी कोरणाऱ्या जुन्या कारागिरांची पाने त्याच्या कर्त्यांनी आदर्श म्हणून समोर ठेवली होती.

बासरीचे पान शाबूत होते आणि क्लॅरिनेटही तीच चाल वाजवी. मात्र बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी प्रत्येक स्वर एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो. ते काम एका आज्ञेने झाले. गहाळ पान परत मिळाले.

आणखी एक गंमत झाली. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी उभी रेघ दिली, की प्रोग्रॅम मात्रा मोजून पाहतो. त्याने एका ओळीत अर्धी मात्रा कमी असल्याची सूचना केली. आम्ही जुना कागद उजेडात धरला. घडीत एक टिंब पुसले गेले होते! तेवढ्या टिंबावाचून मुले कित्येक वर्षे ती ओळ घाईने उरकीत होती. आता ती ठरल्याप्रमाणे थांबतात.

अक्षरांनी गाणे लिहिणे बडोद्यास नवे नाही. १८८६ साली मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने येथे गायनशाळा काढली. स्वर लिहिण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. १९१६ ची अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली आणि तिच्यामागे पंडित भातखंडे होते. त्यांच्या पद्धतीतही सा, रे, ग ही अक्षरेच. खाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार, खाली आडवी रेघ म्हणजे कोमल. मींड किंवा आंदोलन कोणत्याही लिपीत पुरते मावत नाही. त्यासाठी गुरूसमोरच बसावे लागते. पण गुरू गेल्यावर निदान चालीचा सांगाडा तरी उरावा, एवढ्यासाठी त्यांनी हा खटाटोप केला.

अक्षरांचा मोठा गुण हाच. उद्या हा प्रोग्रॅमही मागे पडला, तरी ती फाईल कोणत्याही यंत्रावर उघडेल. छापून ठेवली तर नुसत्या डोळ्यांनीही वाचता येईल. तिला कुलूपच नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या घरांत पाळण्यांच्या, ओव्यांच्या, लग्नातील गाण्यांच्या चाली अजून वडीलधाऱ्यांच्या गळ्यांत आहेत. दर शनिवारी दुपारी आम्ही शाळेत बसतो. आजीला घेऊन या. त्या गातील, मुले लिहितील, चुकले तर आजीच कान धरतील. संस्थेच्या शतक महोत्सवात त्या चाली ज्या मुलांनी गावयाच्या, ती अजून जन्मावयाची आहेत; त्यांच्यासाठी एवढे करू या.