‘एअर पॉकेट’ : एक शब्द आणि एका मुलीचा प्रश्न



मध्यंतरी एका शाळेच्या तपासणीस गेलो असता चौथीच्या वर्गात विमानाविषयी पाठ चालला होता. “आकाशात हवेचे खड्डे असतात, त्यांत विमान दचकन खाली जाते. त्यांस एअर पॉकेट म्हणतात,” असे गुरुजींनी सांगितले. एका मुलीने विचारले, “गुरुजी, मग त्या खड्ड्यात काय असते?” तिला खाली बसविण्यात आले.

प्रश्न बिनतोड होता. पालथा पेला पाण्यात बुडवून हवा जागा व्यापते, हे त्याच वर्गाला आठच दिवसांपूर्वी दाखविलेले होते. चोहोंकडून हवेचा दाब असता वातावरणात रिकामा खड्डा टिकावा कसा?

हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वैमानिकांचा. विमान एकाएकी खाली गेले की तेथे हवाच नसावी, असे त्यांस वाटे. वस्तुतः तेथे हवा असतेच. मात्र ती वेगाने खाली उतरत असते, किंवा समोरच्या वाऱ्याचा जोर अचानक ओसरलेला असतो. उन्हाने तापलेल्या नांगरटीवरची हवा वर चढते, शेजारच्या तळ्यावरची थंड हवा खाली बसते. घार पंख न हलविता उंच जाते, ती अशाच चढत्या प्रवाहावर. याला प्रयोगसाहित्य लागत नाही. शाळेचे अंगण पुरते.

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेले विमान म्यानमारवर अशा खळबळीत सापडले. एक उतारू मृत्यू पावला, अनेक जखमी झाले. विमान सहा हजार फूट कोसळले, असे पुष्कळ ठिकाणी छापून आले. प्राथमिक तपासात आढळले ते असे : धक्क्याच्या वेळी ते ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली गेले. सहा हजार फुटांचे उतरणे त्यानंतरचे, वैमानिकांनी स्वतः केलेले. मग माणसे छतावर का आदळली? विमान खाली खेचले गेले, पट्टा न बांधलेला उतारू जडत्वामुळे मागे राहिला, आणि छतच त्याच्या डोक्यावर आले. जडत्वाच्या पाठास याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

हाच शब्द इतरत्र मात्र यथार्थ आहे. विहिरीवरच्या पंपात हवा अडकली की पाणी चढत नाही. जलवाहिनीच्या उंचवट्यावर साठलेली हवा सोडण्यासाठी एअर व्हॉल्व्ह बसवितात, तो मुलांनी पाहिलेला असतो. २०१३ साली नायजेरियाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या बोटीत हॅरिसन ओकेने हा आचारी अडकलेल्या हवेच्या आधारे सुमारे साठ तास जिवंत राहिला. या ठिकाणी ‘पॉकेट’मध्ये हवा आहे, विमानाच्या गोष्टीत मात्र आपण हवेचा अभाव कल्पितो! म्हणून विमानासंबंधी ‘हवेची पोकळी’ असे भाषांतर करू नये. ‘खाली उतरणारा वारा’ एवढे पुरे.

पाठ संपल्यावर त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहावयास मी गुरुजींस सुचविले. दुसऱ्या दिवशी दुपारी सारा वर्ग घारी पाहण्यास अंगणात गेला होता, असे त्यांनी कळविले आहे.