खर्चाचा आकडा आधी कळावा
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील रुग्णालय प्रशासकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र मला अवगत नाही. रुग्णांची बिले मात्र रोज पाहतो. गेल्या पावसाळ्यात वडिलांना हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने विचारले, “साहेब, एकूण किती लागतील? बैल विकायचा का, ते ठरवायचंय.” मला नेमका आकडा सांगता आला नाही. त्याने बैल विकला. अंतिम बिल पाहता तो विकण्याची गरज नव्हती. त्या खंतीपोटी इतर देशांतील व्यवस्था मी वाचू लागलो.

१९९७ च्या आर्थिक संकटातून सावरत असतानाच थायलंडने २००१ मध्ये, सरकारी नोकर व विमाधारक कामगार वगळता उर्वरित नागरिकांसाठी आरोग्ययोजना आरंभिली. २००२ मध्ये तिला कायद्याचे अधिष्ठान लाभले. रुग्णाने प्रत्येक भेटीस ३० बात द्यावेत, बाकी खर्च करांतून व्हावा, अशी ती रचना होती. बाह्यरुग्ण सेवेसाठी रुग्णालयास नोंदणीकृत लोकसंख्येच्या प्रमाणात रक्कम मिळे, तर दाखल रुग्णांसाठी रोगगटानुसार. अनावश्यक तपासणीने रुग्णालयाचे उत्पन्न वाढत नसे. मर्यादाही होत्या, डायलिसिसचा समावेश २००८ मध्ये झाला.

ते कार्य शासनाचे. एका न्यासाच्या आवाक्यातील नव्हे. आपल्याकडेही शासकीय योजनांत ठरावीक दर आहेत. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. परंतु या साऱ्यांच्या कक्षेबाहेर राहणारा मध्यम परिस्थितीतील रुग्ण अनिश्चिततेतच दाखल होतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा : प्रसूती, मोतीबिंदू, हर्निया व अपेंडिक्स यांसाठी एकत्रित दर ठरवून तो दाखल होण्यापूर्वीच लेखी द्यावा. गुंतागुंत उद्भवल्यास वाढीव खर्च संस्थेने सोसावा. हिशेबनीस या नात्याने सांगणे भाग आहे की, काही महिने तूट येईल. तथापि ही जोखीम आज रुग्ण वाहतो आणि ती पेलण्यास तोच सर्वांत असमर्थ असतो.

यासाठी स्वतंत्र राखीव निधी उभारण्यास विश्वस्तांनी अनुमती द्यावी आणि देणगीदारांनी हातभार लावावा, ही नम्र विनंती.