साभार परत : थेम्समध्ये न बुडालेल्या कादंबरीची गोष्ट



मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जवळजवळ एकच प्रश्न पाठवलाय. "कादंबरी लिहून झाली. पाठवली. परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. आता काय करू?" खरं सांगते, प्रश्न वाचून मला हसूच आलं. कारण तो माझाही प्रश्न आहे. माझ्या कपाटात एक निळी फाइल आहे. त्यात सोलापुरातल्या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीवरची माझी पहिली कादंबरी आहे, 212 पानांची. साडेतीन वर्षांत ती पाच प्रकाशकांचं दार बघून आली. तिघांनी 'साभार परत' कळवलं, एकाचं उत्तरच आलं नाही. पाचवे म्हणाले, छापू की, पण 300 प्रती तुम्ही विकत घ्यायच्या. हे सगळं नाव न घेता सांगतेय, कारण राग कुणावर नाही. दुकान त्यांनाही चालवायचंय.

तर आज उपदेश नको. एक गोष्ट सांगते, ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या माणसाची आहे. 'मालगुडी डेज' आठवतंय ना? 1980च्या दशकातलं दूरदर्शन, शंकर नाग यांचं दिग्दर्शन आणि तो डोळे मोठे करून बघणारा छोटा स्वामी. त्या मालिकेतल्या स्वामीच्या गोष्टी आल्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' या कादंबरीतून. आर. के. नारायण यांची ही पहिली कादंबरी. आपल्या 'कॉमन मॅन'वाल्या आर. के. लक्ष्मण यांचे हे थोरले भाऊ.

नारायण मैसूरचे. वडील हेडमास्तर, आणि मुलगा मात्र परीक्षेत नापास होणारा. रखडत रखडत 1930 मध्ये बी.ए. झाले. शिक्षकाची नोकरी धरली आणि लगेच सोडली. घरी येऊन सांगितलं, मी लेखक होणार. विचार करा, 1930 साल, मध्यमवर्गीय घर, आणि मुलगा म्हणतो मी कादंबऱ्या लिहिणार, त्याही इंग्रजीत! आज आपल्या घरी कुणी असं म्हणालं तरी आई आधी कपाळाला हात लावेल. पण त्यांच्या आजीनं काय केलं, तर चांगला मुहूर्त काढून दिला. त्या दिवशी त्यांनी बंगळूरमध्ये एक वही विकत घेतली आणि लिहायला बसले. पेन चावत बसले असताना डोळ्यांसमोर एक लहानसं रेल्वे स्टेशन आलं. ते मालगुडी.

कादंबरी झाली. मग ती लंडनच्या प्रकाशकांकडे जायला लागली. तेव्हा ई-मेल नव्हता, बोटीचं टपाल होतं. जायला काही आठवडे, यायला काही आठवडे, आणि मध्ये प्रकाशकाच्या टेबलावर किती पडून राहील ते देव जाणे. एक नकार मिळवायलाही बराच काळ जायचा. असे नकार एकामागून एक आले.

मधल्या काळात हे गृहस्थ काय करत होते? बघा, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ते टपालवाल्याची वाट बघत नुसते बसले नव्हते. छोट्या गोष्टी लिहीत होते, लेख लिहीत होते. पहिल्या वर्षीची लेखनाची कमाई किती? 9 रुपये 12 आणे. पुढे राजम यांच्याशी लग्न झालं, तेही पत्रिका जुळत नसताना, आणि घर चालवायला मद्रासच्या एका वर्तमानपत्रासाठी मैसूरहून बातम्या पाठवण्याचं काम घेतलं. म्हणजे लेखणी चालू होती, फक्त कादंबरी अडकली होती.

आणि मग एक दिवस त्यांचाही धीर सुटला. हा भाग आपण सांगताना गाळतो. यशाच्या गोष्टीत नायक कधी हरत नाही ना! पण नारायण हरले होते. पूर्णा नावाचा त्यांचा मित्र तेव्हा ऑक्सफर्डला शिकत होता. कादंबरी पुन्हा नाकारली गेल्यावर नारायण यांनी त्याला कळवलं, हस्तलिखिताला दगड बांध आणि थेम्स नदीत बुडवून टाक.

मित्रानं ऐकलं नाही. त्यानं ते बाड उचललं आणि ऑक्सफर्डमध्येच राहणाऱ्या ग्रॅहम ग्रीन यांच्याकडे नेलं. ग्रीन तेव्हा स्वतः तिशीतले, काही कादंबऱ्या नावावर असलेले लेखक. त्यांनी वाचलं, त्यांना आवडलं आणि त्यांनी हॅमिश हॅमिल्टन या प्रकाशकाकडे शब्द टाकला. मैसूरला तार गेली, कादंबरी घेतली म्हणून. 1935 मध्ये पुस्तक आलं. पुस्तकाचं आणि लेखकाचंही नाव ग्रीन यांच्या सूचनेवरून बदललं. आर. के. नारायणस्वामी हे लांबलचक नाव तिकडच्या वाचकाला जड जाईल, म्हणून 'नारायण' झालं. आणि गंमत बघा, या दोघांची प्रत्यक्ष भेट झाली ती 1956 मध्ये, तब्बल 21 वर्षांनी!

आता कुणी म्हणेल, झालं, सुटले एकदाचे. छे! पुस्तक फारसं खपलं नाही. दुसरी कादंबरी 1937 मध्ये दुसऱ्याच प्रकाशकानं काढली, तिसरी 1938 मध्ये तिसऱ्यानं. 'द गाइड'साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 1960 मध्ये. म्हणजे पहिलं पुस्तक छापून येणं हा शेवट नसतोच. तिथून पुन्हा रांगेत उभं राहायचं असतं.

या गोष्टीतून मी माझ्यापुरतं दोन गोष्टी घेतल्या. एक, काय सोडायचं आणि काय धरायचं हे ठरवायला हवं. त्यांनी शीर्षक सोडलं, स्वतःच्या नावाचा तुकडा सोडला. पण मालगुडीचं लंडन केलं नाही. मला एका संपादकांनी सांगितलं होतं, पात्रांची बोली प्रमाण मराठीत करा. ते मी नाही करणार. माझी माणसं तशी बोलतच नाहीत. पण त्यांनी पहिली 30 पानं संथ आहेत असंही सांगितलं होतं, ते मात्र अगदी बरोबर होतं. ती 11 झाली.

दुसरी गोष्ट, एकट्यानं चिकाटी धरता येत नाही. निदान मला नाही आली. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी ती निळी फाइल रद्दीत ठेवली होती. ताईला म्हटलं, यात काही नाही, देऊन टाक. चार दिवसांनी तिचा फोन. "अगं, ती सासू 90व्या पानानंतर गेली कुठे?" मी गप्प. खरंच, सासू नव्हतीच! मी लिहिता लिहिता तिला विसरले होते. पाच प्रकाशकांकडून मला जे कळलं नाही ते ताईनं फोनवर सांगितलं. मग दोन महिने बसून सासूला परत आणलं, आणि कादंबरी बदलली हो. शेवट वेगळा झाला.

आता ती सहाव्या ठिकाणी आहे. काय होईल माहीत नाही. कदाचित पुढच्या महिन्यात इथेच सांगावं लागेल, साभार परत. तेव्हाही सांगेन.

तोवर एक करा. पाठवलेल्या प्रत्येक ठिकाणाची तारीख वहीत लिहा, उत्तराला किती महिने थांबायचं ते आधीच ठरवा, आणि त्या महिन्यांत दुसरं काहीतरी लिहायला घ्या. दिवाळी अंकासाठी एखादी कथा घ्या, तीही चालेल. आणि बाडाची एक प्रत अशा माणसाकडे ठेवा, जो तुमचं ऐकणार नाही.

तुमच्या फाइलीची गोष्ट मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. लिहीत राहा, काळजी घ्या.