मोजणी वस्तीच्या हाती



नगररचनाकार, पालिकांचे अभियंते आणि वस्त्यांत काम करणारे कार्यकर्ते आज एका मांडवात बसले आहेत. असा योग क्वचित येतो, म्हणून एकच मागणी ठेवतो. गरीब वस्तीची पहिली मोजणी आणि घराचा पहिला आराखडा त्या वस्तीनेच करावा; आपण तज्ज्ञांनी त्यानंतर यावे.

यासाठी मुंबईत भायखळ्याकडे पाहा. जुलै १९८५ मध्ये फुटपाथवासीयांच्या बेदखलीविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. पण पावसाळा सरल्यावर, रीतसर नोटीस देऊन, फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला पालिका मोकळी झाली. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने फुटपाथवासीयांनाच हाताशी धरून सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी केली. ही माणसे आज आली, उद्या जातील, असा सर्वांचा समज होता. पाहणीत निघाले ते वेगळेच. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे तिथेच नांदत होती आणि बहुतेक जण कामाला पायी जात होते. रोजचे गाडीभाडे परवडत नाही, म्हणून काम जिथे तिथे बिऱ्हाड.

पुढच्या वर्षी भायखळ्यातल्या याच फुटपाथवासी बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. दारोदार फिरून रोजची बचत गोळा व्हायची, एक रुपया, दोन रुपये, जमेल तसे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा हिशेब प्लास्टिकच्या पिशवीत, रंगीत कागदांच्या तुकड्यांत. ज्या रकमेला जो रंग ठरला, तो तुकडा तिच्या पिशवीत पडायचा. पासबुकाची अडचण कुणाला आलीच नाही. मग घराचा विचार सुरू झाला. साड्या पसरून खोलीची मापे घेतली आणि खऱ्या आकाराचे नमुनाघर उभारून लोकांना दाखवले. छत १४ फुटांवर, म्हणजे पोटमाळा निघतो आणि लहान जागेत दोन पिढ्या मावतात. कागदावर चौरस फूट मोजणाऱ्याला हे सुचणे अवघड आहे. रात्री कोण कुठे झोपते, हे त्या घरातल्या बाईला ठाऊक होते. पुढे मानखुर्दच्या मिलन नगरात यांतली काही कुटुंबे राहायला गेली.

आता त्याच मानखुर्द-गोवंडीतल्या पुनर्वसन इमारती पाहा. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी हजारो कुटुंबे तिकडे हलवली गेली. रुळांजवळच्या वस्त्यांत मोजणी आणि याद्या करायला लोकसंघटना होत्या, म्हणून बरेचसे स्थलांतर पोलिसी बळाशिवाय पार पडले. ते मोठेच काम होते. पण दोन इमारतींत अंतर किती ठेवायचे, हे ठरवताना राहणाऱ्यांना कोण विचारतो? लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड इथल्या खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, आणि तिथल्या क्षयरोगाचा या रचनेशी संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे. रुळाकाठची गरिबी आपण शहराच्या कडेला नेऊन सात मजल्यांत रचली. आणि कामाची ठिकाणे मागेच राहिली. आपल्या व्यवसायाने याचे उत्तर द्यायला हवे.

म्हणून आपल्या या मेळाव्याच्या उद्याच्या ठरावात दोन वाक्ये घाला, अशी विनंती करतो. वस्तीने केलेली मोजणी पालिकेने अधिकृत नोंद म्हणून स्वीकारावी. आणि मोजणीला जाणाऱ्या बाईला त्या दिवसाची मजुरी प्रकल्पाच्या खर्चातून मिळावी, कारण त्या दिवशी तिचे काम बुडते.